पोटगी : हुकमापासून हातापर्यंत

जानेवारी २०१३ मध्ये एक बाई आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन सासरच्या घरातून बाहेर पडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने नागपूरच्या कुटुंब न्यायालयात स्वतःसाठी आणि मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. हुकूम झाला ऑगस्ट २०१५ मध्ये : तिला दरमहा १५,००० रुपये, मुलाला आधी ५,००० आणि पुढे १०,००० रुपये. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथेही हुकूम कायम राहिला. मग तो सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथला निकाल लागला ४ नोव्हेंबर २०२० रोजी, तोवर ते तान्हं मूल सात वर्षांचं झालं होतं.

अंतरिम पोटगी म्हणजे मूळ दावा चालू असताना घर चालावं म्हणून केलेली तात्पुरती सोय. ती तात्पुरती सोय मिळवायला या बाईला सात वर्षं भांडावं लागलं. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने हा निकाल आज देशभरच्या कुटुंब न्यायालयांत रोज उद्धृत होतो. पोटगी समजून घ्यायची तर याच प्रकरणापासून सुरुवात केलेली बरी. चारचौघांत पोटगीची चर्चा होते ती रकमेवर. ती मागणाऱ्याची खरी झुंज मात्र दुसरीकडेच चाललेली असते. समोरच्याचं खरं उत्पन्न कोर्टापुढे आणायचं, हे पहिलं. हुकूम झाल्यावर पैसे खरोखर पदरात पाडून घ्यायचे, हे दुसरं आणि बहुतेक वेळा जास्त अवघड.

बातम्यांत झळकतात ते कोटींचे आकडे. डिसेंबर २०२४ मध्ये दहा दिवसांच्या आत असे दोन निकाल आले. प्रवीणकुमार जैन विरुद्ध अंजू जैन या प्रकरणात नवरा-बायको जेमतेम पाच-सहा वर्षं एकत्र राहिलेले आणि सुमारे वीस वर्षं वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने पत्नीला ५ कोटी रुपये एकरकमी आणि मुलासाठी १ कोटी रुपये द्यायला सांगितले. दुसऱ्या प्रकरणात पत्नीला १२ कोटी मिळाले, पण तिची अपेक्षा त्याहून फार मोठी होती, कारण त्याच माणसाच्या पहिल्या बायकोला काही शे कोटी मिळाल्याचं तिचं म्हणणं होतं. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. पंकज मिथल यांनी ते मानलं नाही. पोटगी ही दोघांची संपत्ती समसमान करण्यासाठी नसते, असं त्यांनी स्पष्ट केलं. विभक्त झाल्यावर नवऱ्याचं नशीब फळफळलं म्हणून बायकोने दरवेळी त्याच्या नव्या श्रीमंतीइतकं मागायचं म्हटलं, तर उद्या तो कंगाल झाल्यावर तीही त्याच्याइतकी गरीब व्हायला तयार होईल का, असा त्यांचा सवाल होता.

हे निकाल महत्त्वाचे आहेत, पण कोटींच्या बातम्या वाचून पोटगीविषयी मत बनवणाऱ्यांनी तालुक्याच्या कोर्टात एक सकाळ काढावी. तिथे अर्ज असतो तो दरमहा चार, सहा, आठ हजारांचा. त्यातही मागितलेली पूर्ण रक्कम मंजूर होण्याची खात्री नसते.

कायद्याच्या वाटा अनेक आहेत आणि सामान्य माणूस गोंधळतो तो इथेच. सगळ्यात जुनी आणि सर्वांना खुली वाट फौजदारी प्रक्रिया संहितेची. तिचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आलं आहे. वकिलांच्या आणि पक्षकारांच्या तोंडी मात्र अजून ‘एकशे पंचवीस’च आहे आणि गावाकडे ‘खावटीचा अर्ज’. धर्म कोणताही असो, स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारी पत्नी, मुलं आणि वृद्ध आई-वडील या कलमाखाली मागणी करू शकतात. ‘पत्नी’मध्ये पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्रीही येते. अर्ज नवऱ्याच्या गावीच करायला हवा असं नाही. बाई माहेरी राहत असेल, तर तिथल्या कोर्टातही तो चालतो. अनेकींना हे ठाऊक नसतं आणि त्या केवळ प्रवासाच्या धास्तीने गप्प बसतात.

दुसरी वाट विवाहाच्या कायद्याची. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २४ खाली दावा चालू असेपर्यंतची पोटगी आणि कोर्टाचा खर्च मागता येतो. कलम २५ खाली निकालाच्या वेळी किंवा त्यानंतर कायमची पोटगी मिळते, मग ती दरमहा असेल किंवा एकरकमी. विशेष विवाह कायद्यात, तसंच ख्रिस्ती आणि पारशी विवाहांच्या कायद्यांतही अशी तरतूद आहे. याखेरीज कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. त्याखाली खर्चाबरोबर राहत्या घराचा हक्कही मागता येतो. एकाहून अधिक कायद्यांखाली अर्ज करायला बंदी नाही. फक्त आधी कुठे काय मिळालं ते कोर्टाला सांगावं लागतं, आणि ती रक्कम पुढच्या हुकमात वळती होते. हा नियमही नागपूरच्या त्याच प्रकरणाने पक्का केला.

हिंदू विवाह कायद्याची दोन्ही कलमं ‘पती किंवा पत्नी’ असं म्हणतात. हे कागदापुरतंच नाही. नांदेडच्या एका जोडप्याचं १९९२ साली लग्न झालं, २०१५ साली पत्नीच्या अर्जावरून घटस्फोट झाला. पत्नी शिक्षिका. नवऱ्याने आपल्याला उत्पन्नाचं साधन नाही असं सांगून तिच्याकडे पोटगी मागितली. तो किराणा दुकान चालवतो, त्याची रिक्षा आहे, असं तिचं म्हणणं होतं. नांदेडच्या न्यायालयाने त्याला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी दिली. ती थकली तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापकांना तिच्या पगारातून दरमहा ५,००० रुपये कापून कोर्टात भरायला सांगितलं. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्या. भारती डांगरे यांनी हे हुकूम कायम ठेवले. पोटगी म्हणजे पुरुषाला दिलेली शिक्षा, असं मानणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. कायदा बघतो तो गरज आणि ऐपत.

मुस्लिम घटस्फोटित स्त्रीच्या पोटगीचा इतिहास मात्र थांबून पाहायला हवा, कारण त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाई यांनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. चार वर्षांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं आणि तलाकपीडित स्त्रियांचा प्रश्न सभा-परिषदांतून सतत मांडला जाऊ लागला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ‘पत्नी’च्या व्याख्येत घटस्फोटित स्त्री घेतली. तोवर तलाक दिला की दरमहाची पोटगी बंद, अशी पळवाट होती. नव्या व्याख्येने ती बुजवली.

इंदूरच्या शाहबानो यांनी एप्रिल १९७८ मध्ये याच कलमाखाली अर्ज केला. वय ६२, लग्न १९३२ सालचं, पाच मुलं. नवरा वकील. तिने दरमहा ५०० रुपये मागितले, कारण कायद्याने तेव्हा त्याहून जास्त मागताच येत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये नवऱ्याने तलाक दिला आणि आपली जबाबदारी संपली असं सांगितलं. दंडाधिकाऱ्याने दरमहा २५ रुपये मंजूर केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. या १७९ रुपये २० पैशांविरुद्ध नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी त्याचं अपील फेटाळलं. चंद्रचूड पुण्याचे. त्या निकालावरून मोठं राजकारण झालं. १९८६ साली संसदेने वेगळा कायदा केला आणि तलाकनंतरची जबाबदारी इद्दतच्या, म्हणजे पुनर्विवाहाआधीच्या सक्तीच्या प्रतीक्षेच्या, काळापुरती राहणार असं चित्र उभं राहिलं. २००१ साली डॅनियल लतीफी प्रकरणात न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लावला : पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतच्या काळातच करून ठेवायची. आणि १० जुलै २०२४ रोजी न्या. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी घटस्फोटित मुस्लिम स्त्री कलम १२५ खालीही पोटगी मागू शकते, असा नि:संदिग्ध निकाल दिला. शाहबानोच्या अर्जाला तोवर ४६ वर्षं झाली होती.

५०० रुपयांची ती कमाल मर्यादा सर्वच धर्मांच्या स्त्रियांना लागू होती. संसदेने ती काढली २००१ साली. मधल्या काळात महागाई कुठल्या कुठे गेली आणि हजारो हुकूम त्या जुन्या रकमेत अडकून पडले.

पोटगीची रक्कम ठरते कशी? ठरलेलं सूत्र नाही. २०१७ साली एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम वाजवी मानली. तेव्हापासून ‘पंचवीस टक्के’ हा जणू कायदाच आहे असं समजलं जातं. तो कायदा नाही, एका प्रकरणापुरता अंदाज आहे. न्यायालय बघतं ते दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता, सवयीचं राहणीमान, लग्न किती काळ टिकलं, मुलं कोणाजवळ आहेत, दोघांचं वय आणि आरोग्य, बायकोने संसारासाठी नोकरी सोडली का, नवऱ्यावर आणखी कोण अवलंबून आहे.

समजा, चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका कामगाराच्या हातात महिन्याला ४०,००० रुपये पडतात. गावी आई-वडील आहेत, बायको माहेरी आहे आणि मुलगी तिच्याजवळ. पंचवीस टक्क्यांनी बायकोचे १०,००० होतात, मुलीचा खर्च वेगळा. नवरा म्हणतो, बुलेटचा हप्ता आहे, पतसंस्थेचं कर्ज आहे, भिशी आहे, उरतात बाराच हजार. प्राप्तिकर आणि भविष्यनिर्वाह निधीसारख्या सक्तीच्या कपाती न्यायालय सहसा मान्य करतं. आपण होऊन घेतलेल्या कर्जाचे हप्ते दाखवून जबाबदारी टाळू देत नाही. आई-वडिलांचा खर्च मात्र ते लक्षात घेतं, कारण तीही त्याची कायद्याने आलेली जबाबदारी आहे. ‘माझी नोकरीच गेली’ हे सांगूनही सुटका होत नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायकामुलांना पोसायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अंजू गर्ग प्रकरणात पुन्हा एकदा सांगितलं आहे.

‘शिकलेली आहे, करेल नोकरी’ हा नवऱ्याच्या बाजूचा ठरलेला युक्तिवाद. कमावण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं या वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटलं. बायको थोडंफार कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, हेही ठरलेलं आहे. दुसरीकडे, चांगली शिकलेली आणि कमावू शकणारी बाई केवळ पोटगीसाठी घरी बसली असेल तर तिला न्यायालयांनी खडसावल्याची उदाहरणंही आहेत आणि तेही रास्तच आहे. पण दहा वर्षं घर, मुलं आणि सासू-सासऱ्यांची दुखणी सांभाळलेल्या बाईला पस्तिशीत कोणती कंपनी तिच्या पदवीला शोभेल अशी नोकरी देते, हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘ती शिकलेली आहे’ या वाक्याला अर्थ नाही. तिची गेलेली वर्षं त्याच्या बढत्यांच्या कामी आलेली असतात. पोटगीमागचा न्याय तिथे आहे. ती दानधर्म म्हणून दिली जात नाही.

महागाईचा विचार हुकमातच व्हावा, ही समजही आता रुजते आहे. मे २०२५ मध्ये राखी साधुखान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दरमहा ५०,००० रुपये पोटगी देताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढीची अट घातली. ही अट अर्जातच मागून घ्यावी. नाहीतर दर काही वर्षांनी वाढीसाठी नवा अर्ज, नव्या तारखा आणि वकिलाची नवी फी.

आता उत्पन्नाच्या लपवाछपवीकडे येऊ. नागपूरच्या प्रकरणाने केलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे मालमत्ता आणि देण्यांच्या शपथपत्राचा नमुना. पोटगीचं प्रकरण कुठल्याही कोर्टात असो, दोन्ही बाजूंनी ते भरून द्यायचं. त्यात शिक्षण, नोकरी, पगार, भाड्याचं उत्पन्न, बँक खाती, मुदत ठेवी, शेअर, विमा, घर, जमीन, गाड्या, दागिने, कर्जं, आपल्यावर अवलंबून असलेली माणसं, महिन्याचा खर्च असं सगळं येतं. समोरच्याला त्यासाठी चार आठवडे मिळतात. तो मुद्दाम टाळत राहिला तर त्याचा बचावच काढून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. खोटं शपथपत्र दिलं तर फौजदारी कारवाई होऊ शकते.

शेतकरी कुटुंबांसाठी याच निकालात वेगळा नमुना आहे आणि महाराष्ट्रात तो फार मोलाचा आहे. ‘सातबारा वडिलांच्या नावावर आहे, माझ्या नावे गुंठाभरही नाही’ हे पोटगीच्या प्रकरणात ऐकू येणारं नेहमीचं वाक्य. या नमुन्यात जमीन किती, कोणाच्या नावे, कोणती पिकं, जनावरं किती, कर्ज किती हे विचारलेलं आहे. उत्पन्नाची खूण कुठेतरी उमटतेच : साखर कारखान्याकडून आलेलं उसाचं बिल, डेअरीचं दहा दिवसांचं दुधाचं बिल, बाजार समितीतली पट्टी, सोसायटीचं पीककर्ज. घरात राहिलेल्या बाईला हे कागद कुठल्या ट्रंकेत, कुठल्या पिशवीत ठेवलेले असतात ते माहीत असतं. घर सोडताना ते हाती लागत नाहीत, ही अडचण खरी. पण बिल कोणत्या कारखान्याचं आणि दूध कोणत्या डेअरीला, एवढं सांगितलं तरी कागद मागवण्याचा अर्ज वकील करू शकतो.

त्याच निकालातली दुसरी मोठी गोष्ट तारखेची. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हुकमाच्या तारखेपासून नव्हे. आधी प्रत्येक न्यायालय आपापल्या परीने ठरवत असे. फरक केवढा पडतो ते नागपूरच्याच आकड्यांवर पाहा. अर्ज सप्टेंबर २०१३, हुकूम ऑगस्ट २०१५. मधल्या दोन वर्षांचे दरमहा १५,००० प्रमाणे एकट्या पत्नीचे ३,६०,००० रुपये होतात. हुकमापासून मोजलं असतं तर एवढी रक्कम बुडाली असती, आणि तारखा लांबवणाऱ्याचा तेवढाच फायदा झाला असता. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढा, असंही न्यायालयाने सांगितलं. फौजदारी संहितेत तर शक्यतो ६० दिवसांत, असं २००१ पासून लिहिलेलं आहे. पण २०२३ साली सर्वोच्च न्यायालयालाच दुसऱ्या एका प्रकरणात म्हणावं लागलं की शपथपत्रांचा हा नियम खाली नीट पाळला जात नाही, आणि निकालाच्या प्रती पुन्हा सगळीकडे पाठवाव्या लागल्या.

लग्नच बेकायदा ठरलं तर? महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. पहिली बायको असल्याचं लपवून देवळात दुसरं लग्न करायचं, आणि पोटगीची वेळ आली की ‘ही माझी बायकोच नव्हे’ म्हणायचं, हे प्रकार जुने आहेत. १९८८ साली यमुनाबाई आढाव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा दुसऱ्या पत्नीला कलम १२५ खाली पोटगी नाकारली. २०१३ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या बादशहा विरुद्ध उर्मिला गोडसे या प्रकरणात न्या. रंजना देसाई आणि न्या. ए. के. सिक्री यांनी वेगळा मार्ग काढला. पहिलं लग्न लपवून ज्याने फसवलं, त्याला स्वतःच्याच फसवणुकीचा फायदा घेऊ द्यायचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की हिंदू विवाह कायद्याने लग्न रद्दबातल ठरलं असलं, तरी कलम २५ खाली पोटगी देता येते. दोन दशकांपूर्वी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अशा स्त्रीसाठी ‘अनौरस पत्नी’ आणि ‘एकनिष्ठ रखेल’ अशा अर्थाचे शब्द वापरले होते. न्या. अभय ओक यांच्या पीठाने ते शब्द स्त्रीच्या प्रतिष्ठेवर घाला घालणारे आहेत असं ठणकावून सांगितलं. ओक स्वतः याच उच्च न्यायालयातून पुढे गेलेले. म्हणून हे शब्द त्यांच्याकडून येणं विशेष मोलाचं होतं.

घटस्फोटाशिवाय नुसतंच टाकून दिलेल्या बायकांची संख्याही मोठी आहे. १९८० च्या दशकात संगमनेरच्या समता आंदोलनाने परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला. अ‍ॅड. निशा शिवूरकर यांनी त्या लढ्याविषयी ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक लिहिलं आहे. सांगली-सातारा भागात इंदुताई पाटणकर यांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांना स्वतंत्र रेशनकार्ड आणि घरासाठी जागा मिळावी म्हणून आंदोलनं केली. या बायकांना पोटगीच्या हुकमाइतकीच डोक्यावरच्या छपराची गरज आहे, हे त्या चळवळींनी कायद्याच्या आधी ओळखलं होतं.

आणि मग वसुली. हुकूम हातात असतो, तीन महिने पैसे येतात, चौथ्या महिन्यापासून बंद. कलम १२५ (आता १४४) खाली थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचा अर्ज करता येतो, पण रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत. ही मुदत डोक्यात ठेवायलाच हवी. ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणत दोन वर्षं गेली, तर आधीच्या वर्षाची थकबाकी या वाटेने मिळत नाही. न्यायालय वॉरंट काढतं, मालमत्ता जप्त करू शकतं. तरीही पैसे भरले नाहीत तर महिनाभरापर्यंतची कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आलं की हिशेब फिटला, असा समज पुरुषांमध्ये आहे. तो साफ चुकीचा आहे. कैद हा वसुलीसाठी आणलेला दबाव आहे, तिने देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितलं.

नोकरदाराच्या बाबतीत पगारावर टाच आणणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. इतर देण्यांसाठी पगाराचा बराच भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यापुढे मात्र दिवाणी प्रक्रिया संहिता पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित ठेवते. ज्याचं उत्पन्न रोखीचं, ज्याचा पत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याच्यामागे लागणं मात्र खरोखर कष्टाचं आहे. समन्स लागत नाही, वॉरंट परत येतं, पोलीस ‘घरी मिळाला नाही’ असा अहवाल देतात. बाई रोजंदारी बुडवून तारखेला येते आणि पुढची तारीख घेऊन जाते. पोटगीच्या कायद्याचं खरं अपयश इथे आहे. शासनाने आणि न्यायव्यवस्थेने सर्वांत आधी इथे लक्ष घालायला हवं.

तोवर दोन आधार माहीत असलेले बरे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या समितीकडे अर्ज करायचा. दुसरा आधार संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या किंवा घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या गरीब स्त्रियांना तिच्यातून दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्या उत्पन्नात आज कोणतं कुटुंब जगतं? ही मर्यादा तातडीने वाढवायला हवी.

परस्परसंमतीने घटस्फोट घेताना पोटगीचा प्रश्न वाटाघाटीत सुटतो. तिथे घाई महागात पडते. ‘एकदाचं सुटू दे’ म्हणून बायका पोटगीवर पाणी सोडतात. एकरकमी घ्यावी की दरमहा, हे समोरच्या माणसावर अवलंबून आहे. बुडवणारा असेल तर एकरकमी बरी. मात्र पूर्ण रक्कम शेवटच्या तारखेच्या आत डिमांड ड्राफ्टने हातात यायला हवी. प्राप्तिकरही पाहायला हवा. दरमहा मिळणारी पोटगी मिळवणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. एकरकमी पोटगी करपात्र उत्पन्न नाही. मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगडच्या राजकन्या महेश्वरी देवी यांच्या प्रकरणात हा भेद केला होता. मुलांचा खर्च हा मुलांचा हक्क आहे. आई-बापाने आपसात करार करून तो सोडून देता येत नाही.

तेरेखोल नदीच्या पलीकडे मात्र चित्र निराळं आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक होते. घर, जमीन विकायची तर दुसऱ्याची सही लागते. घटस्फोट झाला की निम्मा वाटा. तो मिळवायलाही कोर्टात जावं लागतंच, पण पेडण्याची बाई कोर्टात जाते ती स्वतःचा हिस्सा मागायला. सावंतवाडीची बाई त्याच कष्टांनी उभ्या केलेल्या घरातून बाहेर पडते आणि नवऱ्याच्या उत्पन्नातला काही भाग दरमहा मिळावा म्हणून अर्ज करते. घर बांधताना तिने माहेरचे दागिने मोडले असले तरी घराच्या उताऱ्यावर नाव त्याचंच असतं.

हा फरक मिटवण्याचा एक प्रयत्न दिल्लीत झाला होता. विवाह कायदे (सुधारणा) विधेयक, २०१० हे राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं. विवाह सावरण्यापलीकडे मोडला असेल तर घटस्फोट, आणि त्या वेळी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला भरपाई, अशी तरतूद त्यात होती. लोकसभेत ते मंजूर झालं नाही. २०१४ साली लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं. ते पुन्हा आणायला हवं. या वेळी पोटगीच्या वसुलीची सोयही त्यातच लिहिलेली असावी : हुकूम झाला की मालकाकडून किंवा बँकेकडून रक्कम थेट बाईच्या खात्यात, पुन्हा अर्ज न करता. महाराष्ट्रातल्या स्त्री-संघटनांनी आणि कुटुंब न्यायालयांतल्या वकिलांनी इथल्या खासदारांकडे ही मागणी लावून धरावी.